धावणाऱ्या मुलांच्या हृदयाची काळजी

शालेय क्रीडास्पर्धांचा हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होतो. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या चढत तो दिवाळीच्या आसपास पोहोचतो आणि त्यापाठोपाठ शाळाशाळांतून वार्षिक क्रीडामहोत्सवांची धामधूम सुरू होते. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांतील मुले-मुली या काळात मोठ्या संख्येने मैदानावर उतरतात. प्रवेशिका भरताना जन्मतारखेचा दाखला बारकाईने पाहिला जातो, कारण वयाच्या वादातून संघ बाद होण्याची भीती असते. मुलाचे हृदय या श्रमाला योग्य आहे काय, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा कोणी विचारीत नाही.

नाशिकला हा प्रश्न अधिक लागू पडतो. लांब पल्ल्याच्या धावण्यात या जिल्ह्याने देशाला नामवंत खेळाडू दिले. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. चांदवड तालुक्यातील संजीवनी जाधवने २०१७ मध्ये तैपेई येथील जागतिक विद्यापीठ स्पर्धेत त्याच अंतरात रौप्यपदक पटकावले. त्यांच्याकडे पाहून आज भोसला सैनिकी शाळेच्या परिसरात, पंचवटीतील क्रीडा संकुलात आणि गोल्फ क्लब मैदानावर पहाटे धावणारी मुले दिसतात. त्यांतील अनेकांच्या घरी खेळ ही हौस नाही. दहावी-बारावीतील सवलतीचे गुण, पोलीस किंवा सैन्यभरती आणि त्यातून घराला मिळणारा आधार, असा त्यामागचा हिशेब असतो. त्यामुळे छातीत दुखले किंवा चक्कर आली, तरी मूल ते लपविण्याची शक्यता अधिक असते.

बंगळूरचा तो सामना

भारतीय क्रीडाक्षेत्राला या विषयाची जाणीव करून देणारी घटना ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरच्या कंठीरवा स्टेडियमवर घडली. फेडरेशन करंडक फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गोव्याचा धेंपो क्लब मोहन बागानविरुद्ध खेळत होता. धेंपोचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर याने दुसरा गोल केला आणि त्याच क्षणी गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला. तो पुन्हा उठला नाही. त्याचे वय २५ होते. धेंपोने सामना २-० असा जिंकला आणि क्लबने त्याची १० क्रमांकाची जर्सी कायमची बाजूला ठेवली. शवविच्छेदनात हृदय बंद पडल्याचे निदान झाले. पुढे कित्येक दिवस गोलरक्षकाच्या दोषावर वाद झडला. मैदानावर तातडीच्या उपचारांची सज्जता का नव्हती, यावर त्या मानाने कमी बोलले गेले. २०१२ मध्ये बंगळूरमध्येच जिल्हा लीगच्या सामन्यात डी. वेंकटेश हा खेळाडू कोसळला, तेव्हाही रुग्णवाहिका नव्हती. त्याला रिक्षातून रुग्णालयात न्यावे लागले आणि तो वाचला नाही.

याच्या शेजारी १२ जून २०२१ चा कोपनहेगनचा सामना ठेवून पाहावा. डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन फिनलंडविरुद्ध खेळताना असाच कोसळला. मैदानावरच छातीदाब आणि विद्युतधक्का देऊन त्याचे हृदय सुरू करण्यात आले आणि पुढच्या वर्षी तो इंग्लंडमध्ये पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळू लागला. दोन्ही खेळाडू ऐन उमेदीचे आणि तंदुरुस्त होते. फरक पहिल्या काही मिनिटांत मैदानावर काय उपलब्ध होते, याचा होता.

झटका नव्हे, हृदय थांबणे

अशा बातम्या देताना वृत्तपत्रे सर्रास ‘हृदयविकाराचा झटका’ असा शब्दप्रयोग करतात. शाळकरी मुलांच्या बाबतीत तो बहुधा चुकीचा असतो. झटक्यात हृदयाला रक्त पुरविणारी धमनी गुठळीने बंद होते. तो प्रामुख्याने प्रौढांचा आजार. मुलांमध्ये घडते ते वेगळे. हृदयाची विद्युतव्यवस्था अचानक बिघडते, ते ठोके देण्याऐवजी नुसते थरथरू लागते आणि मेंदूकडे जाणारे रक्त थांबते. काही सेकंदांत मूल बेशुद्ध होऊन पडते. ही थरथर विजेच्या धक्क्याने थांबविता येते, मात्र त्यास उशीर झाला तर प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी कमी होते.

बिघाडाचे मूळ अनेकदा जन्मजात असते. हृदयाचा स्नायू विनाकारण जाड होण्याचा आजार, ज्याला डॉक्टर हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी म्हणतात, साधारण ५०० माणसांत एकाला असतो. २००३ मध्ये ल्योंच्या मैदानावर मृत्युमुखी पडलेला कॅमेरूनचा मार्क-विव्हियन फो याच आजाराचा बळी होता. धमनीचा उगम चुकीच्या जागी असणे, हृदयातील विद्युतमार्गाला जन्मतः एक जादा फाटा असणे, ‘लाँग क्यूटी’ नावाचा आनुवंशिक दोष असणे, ही इतर काही कारणे. लाँग क्यूटीच्या एका प्रकारात पोहताना ठोका बिघडतो. पट्टीचा पोहणारा मुलगा तलावात बुडाला, अशी बातमी वाचताना ही शक्यता सहसा कुणाच्या मनात येत नाही.

आपल्याकडच्या परिस्थितीत आणखी काही गोष्टी विचारात घ्याव्या लागतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, ज्यात हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेचा मोठा वाटा होता, हृदयस्नायूच्या एका जनुकातील २५ अक्षरांचा तुकडा गळालेला असण्याचे प्रमाण भारतीय उपखंडात सुमारे ४ टक्के आढळले. हा दोष असलेल्या सर्वांना त्रास होतो असे नाही, आणि झाला तरी बहुधा उतारवयात होतो. तरीही घराण्यात कुणी अकाली व अचानक गेले असेल, तर त्याची नोंद असणे किती गरजेचे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

दुसरी गोष्ट संधिवाताच्या तापाची. घशाच्या साध्या संसर्गाकडे दुर्लक्ष झाले, नंतर सांधे सुजून उतरले आणि प्रकरण मिटले असे घरच्यांना वाटले, तरी या तापाने हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. श्रीमंत देशांतून हा आजार जवळजवळ हद्दपार झाला. आपल्याकडे दाट वस्तीत, वसतिगृहांत आणि दवाखान्यापासून दूर असलेल्या पाड्यांवर तो अजून आढळतो. सुरगाणा, पेठ, कळवणकडून शहरात स्पर्धेला येणाऱ्या आश्रमशाळेतील मुलीला धाप लागते, तेव्हा ‘अशक्त आहे’ असे म्हणून विषय संपतो. तिची झडप आकसली असेल किंवा तिला पंडुरोग असेल. दोन्हीही स्टेथोस्कोप आणि साधी रक्ततपासणी यांच्या आवाक्यातील गोष्टी आहेत. झडपेचा दोष लवकर सापडला तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन देऊन तो वाढण्यापासून रोखता येतो.

तिसरी गोष्ट वेळापत्रकाची आहे आणि तिच्याकडे क्रीडाशिक्षकांचेही फारसे लक्ष गेलेले नाही. नाशिकमध्ये डेंग्यू, चिकुनगुन्या आणि इतर विषाणूजन्य तापांची साथ पावसाळ्यात आणि त्यानंतर येते. शालेय स्पर्धाही नेमक्या त्याच महिन्यांत असतात. विषाणूमुळे कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज येते. ताप उतरलेला असतो, मूल हिंडू-फिरू लागलेले असते, पण सूज ओसरलेली नसते. अशा स्थितीत जोराचा श्रम जिवावर बेतू शकतो. ही सूज असल्याचे निश्चित झाल्यास ३ ते ६ महिने स्पर्धात्मक खेळ बंद ठेवण्याचा सल्ला दिला जातो. साध्या तापानंतरही धाप, छातीत दुखणे किंवा धडधड राहिली असेल, तर डॉक्टरांनी तपासल्याखेरीज मुलाला शर्यतीत उतरवू नये. ‘परवाच ताप उतरला, तरी पठ्ठ्याने फायनल मारली’ हे कौतुक महागात पडू शकते.

हृदय पूर्ण निरोगी असतानाही एक अपघात संभवतो. हृदयाच्या ठोक्यातील एका अत्यंत नाजूक क्षणी, सेकंदाच्या काही सहस्रांश भागात, छातीच्या मध्यावर फटका बसला तर हृदय थरथरू लागते. फटका फार जोराचा असावा लागत नाही. २ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकन फुटबॉलपटू डामार हॅमलिन असाच पडला आणि मैदानावरील उपचारांमुळे वाचला. लहान मुलांची छाती लवचिक असल्याने त्यांना हा धोका अधिक असतो. आपल्याकडे क्रिकेटचा कठीण चेंडू, कराटे व कबड्डीतील टक्कर ही त्याची ठिकाणे आहेत. लहान गटासाठी मऊ चेंडू वापरणे हा त्यावरील स्वस्त उपाय. छातीच्या साध्या गादीवर भरवसा ठेवता येत नाही.

उन्हाची भर

जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही तरुण उमेदवार कोसळून मृत्युमुखी पडले. त्यांत नाशिक जिल्ह्यातील मालेगावचाही एक तरुण होता. पाऊस लांबलेला, हवेत दमटपणा आणि जिवाच्या आकांताने धावणारी मुले, असे ते चित्र होते. त्यानंतर राज्य सरकारने धावण्याचे अंतर कमी केले. ही घटना शाळेची नसली तरी शाळेशी तिचे नाते आहे, कारण या भरतीची तयारी अनेक मुले शाळेपासूनच सुरू करतात. उष्माघातात कातडी तापते, मूल असंबद्ध बोलू लागते, तोल जातो. त्या वेळी भरपूर पाण्याने, बर्फाने अंग तातडीने थंड करणे हा उपचार आहे आणि तो रुग्णालयाची वाट न पाहता जागेवरच सुरू करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला भिडतो. तरीही उन्हाळी शिबिरांचे सकाळचे सत्र दहा-अकरापर्यंत लांबते, याला काय म्हणावे?

तपासणी कुणाची, किती

इटलीने १९८२ मध्ये स्पर्धात्मक खेळाडूंसाठी ईसीजीसह वैद्यकीय तपासणी कायद्याने सक्तीची केली. व्हेनेतो प्रांतातील २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तरुण खेळाडूंच्या आकस्मिक हृदयमृत्यूंचे प्रमाण दर लाखामागे वर्षाला ३.६ होते, ते ०.४ वर आले. जपानमध्ये शालेय हृदयतपासणी १९७३ पासून आहे आणि १९९५ पासून पहिली, सातवी व दहावीच्या प्रत्येक मुलाचा ईसीजी काढला जातो. उलट इस्रायलने १९९७ मध्ये सक्ती केली, परंतु आधीची व नंतरची वर्षे ताडून पाहता मृत्यूंत फरक आढळला नाही. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सरसकट ईसीजीची शिफारस केलेली नाही. आधी कौटुंबिक माहिती, लक्षणांची विचारपूस आणि शारीरिक तपासणी, असा त्यांचा मार्ग आहे.

या वादात इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचा अनुभव सर्वांत बोलका आहे. १९९६ ते २०१६ या काळात तेथे ११,१६८ किशोर फुटबॉलपटूंची ईसीजी आणि इकोसह तपासणी झाली. ४२ जणांत जीवघेणा ठरू शकणारा दोष सापडला. ही त्या तपासणीची कमाई. तथापि पुढील वर्षांत हृदयदोषाने जे ८ खेळाडू दगावले, त्यांतील ६ जणांची तपासणी त्या वेळी निर्दोष ठरली होती. काही दोष वयाबरोबर प्रकट होतात, त्यामुळे सोळाव्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्र विसाव्या वर्षी पुरत नाही.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. फिरती वैद्यकीय पथके वर्षातून एकदा शासकीय व अनुदानित शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतात आणि जन्मजात हृदयदोष व संधिवाताचा हृदयविकार या दोन्हींचा त्यांच्या यादीत समावेश आहे. येथे शहरी वाचकांनी एक बाब लक्षात घ्यावी. गंगापूर रोड किंवा इंदिरानगरच्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेत भरमसाट शुल्क भरून शिकणारे मूल या योजनेच्या कक्षेत येत नाही. पेठ तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेच्या मुलीच्या छातीला डॉक्टरांचा स्टेथोस्कोप लागण्याची शक्यता त्याच्यापेक्षा अधिक आहे.

प्रत्येक मुलाचा ईसीजी काढणे लगेच शक्य नसेल, पण पाच-सहा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. धावताना कधी शुद्ध हरपली आहे काय? श्रमाच्या वेळी छातीत दुखते काय, धडधडते काय? बरोबरीच्या मुलांपेक्षा लवकर धाप लागते काय? लहानपणी कोणी हृदयात ‘आवाज’ असल्याचे सांगितले होते काय? कुटुंबात पन्नाशीच्या आत कोणी अचानक गेले आहे काय? यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले, तर ईसीजी आणि गरजेनुसार इको करून घ्यावा. शर्यत संपवून उभे राहिल्यावर येणारी भोवळ बहुधा निरुपद्रवी असते. धावता धावता पडणे ही मात्र धोक्याची खूण आहे. ‘उपाशीपोटी पळाला म्हणून चक्कर आली’ या वाक्याने किती मुलांची तपासणी टळली असेल, कोण जाणे. फिट येते म्हणून मिरगीच्या गोळ्या घेणाऱ्या मुलांपैकी काहींचा दोष मेंदूत नसून हृदयात असतो, हेही डॉक्टरांनी नमूद करून ठेवलेले आहे.

ईसीजी वाचणारा डॉक्टर खेळाडूंच्या हृदयाशी परिचित असणे तितकेच आवश्यक आहे. नियमित सरावाने हृदय किंचित मोठे होते, विश्रांतीत नाडी ५० च्या खाली येते. ते निरोगी असते. याची माहिती नसल्यास चांगल्या धावपटूला विनाकारण घरी बसविले जाईल. दोष आढळला म्हणजे खेळ संपला, असेही नाही. विद्युतमार्गाचा जादा फाटा कॅथेटरने जाळून टाकता येतो, हृदयातील छिद्र बुजविता येते, काहींना औषधांवर ठेवून कमी श्रमाचा खेळ खेळू देता येतो. ज्या मुलाची सारी स्वप्ने धावपट्टीवर आखलेली आहेत, त्याला ‘बंद कर’ एवढेच सांगून पाठविणे क्रूरपणाचे आहे.

पहिली पाच मिनिटे

तपासणीच्या जाळीतून काही मुले सुटणारच. त्यांच्यासाठी मैदानाची सज्जता हाच उपाय. मूल पडले की आपल्याकडे भोवती गर्दी जमते, कोणी तोंडावर पाणी मारतो, कोणी कांदा किंवा चप्पल हुंगवतो. कांद्याच्या जिल्ह्यात कांदा लगेच मिळतो, एवढाच त्याचा गुण. हृदय थांबलेले असताना त्याने काहीही साधत नाही आणि मोलाची मिनिटे जातात.

हृदय बंद पडल्यानंतर सुरुवातीला हातपाय झटकल्यासारखे होतात आणि थांबून थांबून घरघर लागते. ही घरघर म्हणजे श्वास नव्हे. २०११ मध्ये जपानच्या सायतामा शहरात सहावीतील एक मुलगी धावण्याच्या सरावानंतर कोसळली. ती श्वास घेत आहे, असे शिक्षकांना वाटले. शाळेत विद्युतधक्का देणारे यंत्र होते, पण ते वापरले गेले नाही. मुलगी वाचली नाही. तिच्या पालकांसमवेत शहराच्या शिक्षण मंडळाने २०१२ मध्ये शिक्षकांसाठी मार्गदर्शिका तयार केली. श्वासाविषयी शंका असेल तर हृदय बंद आहे असेच समजून कामाला लागावे, हे तिचे सार.

काम साधे आहे. मूल हाक मारून, खांदा हलवून उठत नाही आणि नीट श्वास घेत नाही असे दिसताच एकाने १०८ क्रमांक फिरवावा. दुसऱ्याने त्याला कठीण जमिनीवर उताणे झोपवून छातीच्या मध्यावर तळहात रोवावा आणि मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, सुमारे ५ सेंटिमीटर खोल, सतत दाबत राहावे. प्रशिक्षण असेल त्याने ३० दाबांनंतर दोन श्वास तोंडाने द्यावेत, नसेल त्याने नुसते दाब चालू ठेवावेत. भारतीय पुनरुज्जीवन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वेही सामान्य माणसाला केवळ छातीदाबच शिकवितात. मुलाला मांडीवर घेऊन रिक्षातून पळणे टाळावे, कारण चालत्या वाहनात परिणामकारक दाब देता येत नाहीत.

तिसऱ्याने एईडी आणावे. हे डबीएवढे यंत्र छातीवर दोन पट्ट्या चिकटवल्यावर ठोका स्वतः ओळखते, काय करायचे ते बोलून सांगते आणि गरज नसेल तर धक्का देतच नाही. त्याची किंमत लाख रुपयांच्या आसपास आहे. ही रक्कम लहान शाळेला जड जाईल, पण क्रीडा संकुलाला किंवा जिल्हा स्पर्धेच्या संयोजकांना जाऊ नये. अमेरिकेत हे यंत्र असलेल्या १,७१० माध्यमिक शाळांच्या २००९ मधील पाहणीत हृदय बंद पडलेल्या ३६ जणांपैकी २३ जण वाचले होते. राज्यात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे व तिच्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. परंतु शहरात २० आणि ग्रामीण भागात ३० मिनिटांत पोहोचण्याचे तिचे उद्दिष्ट पूर्णपणे पाळले गेले, तरी या प्रसंगात तो वेळ फार मोठा आहे.

नाशिकला प्रशिक्षकांची वानवा नाही. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे. मराठा विद्या प्रसारक समाज तर शाळाही चालवितो, आडगावला वैद्यकीय महाविद्यालयही चालवितो आणि मॅरेथॉनही भरवितो. क्रीडाशिक्षकांना छातीदाब शिकवायला एक दुपार पुरते. ते विसरले जाते, म्हणून दरवर्षी उजळणी हवी. यंत्र घेतले तर त्याच्या पट्ट्यांची व बॅटरीची मुदत कोण पाहणार हे ठरलेले असावे, आणि ते मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद कपाटात तर मुळीच नसावे. सुट्टीच्या दिवशी स्पर्धा असते आणि किल्ली शिपाईमामांच्या घरी असते.

नंतरचे काम

एवढे करूनही मूल दगावले, तर शवविच्छेदनाच्या अहवालात पुष्कळदा ‘हृदय व श्वसन बंद पडल्याने मृत्यू’ एवढेच लिहिलेले आढळते. प्रत्येक मृत्यूत हृदय बंद पडतेच. ते का पडले, हे त्यातून कळत नाही. हृदयाच्या स्नायूची जाडी, धमन्यांचे उगम आणि सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी यांचा आग्रह कुटुंबाने धरावा, कारण यांतील अनेक दोष आनुवंशिक आहेत. हृदय वरकरणी निर्दोष दिसले, तर विद्युतदोषाचा संशय अधिक बळावतो. दोन्ही परिस्थितींत आई-वडील आणि भावंडांचा ईसीजी व इको काढून घ्यावा लागतो. धाकटा भाऊ त्याच संघात खेळत असेल, तर त्याने या तपासण्यांचे निकाल हाती येईपर्यंत सराव थांबवावा.